सोबत काय घ्यायचं आणि परत केव्हा फिरायचं

(पोखर्णी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला सांगितलं, "लडाखच्या प्रवासावर बोला, पोरांना फोटो दाखवा." फोटो आणले आहेत, शेवटी दाखवतो. पण आधी ज्या दिवसाचा माझ्याकडे एकही फोटो नाही, त्या दिवसाबद्दल बोलणार आहे. त्या दिवशी माझ्या मामेभावाचा जीव माझ्या फुशारकीमुळे जाता जाता राहिला. ही गोष्ट मी बरीच वर्षं घरातसुद्धा पूर्ण सांगितली नव्हती. आज सांगतो, कारण तुमच्यातले काही जण रील बघून गाडी काढायच्या तयारीत आहेत, हे मला माहीत आहे.

मी गॅरेजवाला. आमचे अब्बा परभणी-पोखर्णी-गंगाखेड रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचे. नृसिंह जयंतीला आपल्या गावात गर्दी लोटायची, तेव्हा अब्बांना जेवायलाही उसंत नसायची. देवळाला येणारे भाविक, दवाखान्यात निघालेल्या बाया, मोंढ्यात जाणारे शेतकरी, सगळे त्याच गाडीत. मी गाडी चालवायला शिकलो ती डांबरी रस्त्यावर नाही, शेतरस्त्यावर. आणि आपला पावसाळ्यातला शेतरस्ता म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. काळी माती भिजली की टायरच्या खाचा भरतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. नवखा माणूस अजून रेस देतो आणि गाडी पोटावर बसते. अब्बा सांगायचे, "चाक रिकामं फिरलं की पाय उचल. खाली उतर. बघ. मग हात लाव." ते तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या आणून चाकाखाली घालायचे, टायरची थोडी हवा सोडायचे आणि गाडी हळूच बाहेर काढायचे.

पुढे वाचनात आलं की राल्फ बॅगनॉल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९२०-३० च्या काळात फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियाचं वाळवंट पालथं घातलं होतं. तोही टायरची हवा कमी करायचा, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. चाकाखाली लोखंडी पन्हळी घालायचा. रेडिएटरची वाफ नळीने डब्यात उतरवून तेच पाणी परत वापरायचा. मला गंमत वाटली. पन्हळीच्या जागी तुराट्या ठेवल्या तर ते आमचे अब्बाच.

जीपबद्दल अजून एक गोष्ट, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती माहीत नसेल. आज आपण ज्या कंपनीला महिंद्रा म्हणतो, तिचं १९४५ साली लुधियान्यात सुरुवात झाली तेव्हाचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इथलं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. भागीदार गेला तरी गाडी इथेच राहिली, आणि ती दुरुस्त करणारे हातही इथेच राहिले. आपल्या जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी घर असं असेल, जिथे कुणी ना कुणी ड्रायव्हर, मेकॅनिक, वेल्डर किंवा पंक्चरवाला आहे. हे काम आपण नाइलाजाने करतो असं समजतो. ही विद्या आहे, हे मला घरापासून दोन हजार किलोमीटरवर कळलं.

आता प्रवासाकडे येतो. २०२२ च्या जुलैत आम्ही तिघे निघालो. मी, माझा बावीस वर्षांचा मामेभाऊ, आणि शाळेपासूनचा एक मित्र, वारकऱ्याच्या घरातला. गाडी जुनी फोर बाय फोर बोलेरो, सेकंडहँड घेऊन मीच उघडून बांधलेली. निघताना अम्मीने गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही. तिने विचारलं, "वाटेत कुणी नाव विचारून त्रास दिला तर?" हा प्रश्न तुमच्याही घरात विचारला जातो, म्हणून मुद्दाम सांगतो. मी म्हणालो, "काही होणार नाही." खरं तर मलाही खात्री नव्हती. मामी मात्र एवढंच म्हणाली, "याला सांभाळून आण."

तयारी मी चोख केली होती. मनालीकडून लेहला जाताना लाहौलमध्ये तांडी गावाला पेट्रोल पंप आहे. तिथली पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आता हिशेब बघा. माझी गाडी इथे लिटरला अकरा-बारा देते. चढ, पहिला-दुसरा गिअर आणि विरळ हवा धरून मी आठच धरले. ३६५ भागिले आठ म्हणजे ४६ लिटर. टाकीत ६० मावतं. तरीही वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेतले, कारण रस्ता बंद असला तर माघारी फिरायलाही डिझेल लागतं. कॅन काठोकाठ भरायचे नाहीत, उन्हाने डिझेल फुगतं. पाणी माणशी रोज पाच लिटर, तिघांना तीन दिवसांचं ४५ लिटर. सुटे भाग: फॅन बेल्ट, होज पाइप, डिझेल फिल्टर, फ्यूज, क्लच प्लेट, इंजिन ऑइल, कूलंट, एम-सील, बांधायची तार. दोन स्टेपन्या, पंक्चर किट, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर. ओढायचा पट्टा, फावडं, आणि जॅकखाली ठेवायला लाकडी फळी. मऊ जमिनीत फळी नसेल तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून एक पोस्टपेड सिम घेतलं. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे, त्यामुळे त्या वाटेला गेलो नाही.

म्हणजे गाडीच्या प्रत्येक अवयवाचा विचार मी केला होता. माणसाच्या अवयवांचा केला नव्हता.

आपली परभणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास. मनाली साधारण २,०५० मीटर. मनालीत आम्ही एकच रात्र झोपलो आणि पहाटे निघालो. पूर्वी पुढे जायला रोहतांगची खिंड चढावी लागायची, तिथेच अर्धा दिवस जायचा. २०२० च्या ऑक्टोबरात नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. वाट सोपी झाली, आणि त्याबरोबर आमच्यासारख्यांची चूकही सोपी झाली. दुपारी चारला आम्ही सरचूला पोचलो होतो. सरचू साधारण ४,२९० मीटरवर आहे. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. आम्ही एका दिवसात झोपायची जागा बावीसशे मीटर वर नेली होती.

मामेभाऊ दुपारीच म्हणाला होता, "भाईजान, डोकं फार दुखतंय." मी हसलो. म्हणालो, "आत्ताच? चहा घे, बरं वाटेल." माझा मित्र म्हणाला, आपण खाली जिस्पाला राहू. मी म्हणालो, एवढ्या लवकर पोचलोय, हा वेळ वाया घालवायचा का? माझ्या हसण्यामुळे तो पोरगा पुढे काही बोललाच नाही. संध्याकाळी दोनदा उलटी झाली, ती तंबूमागे जाऊन केली. आम्हाला कळू दिलं नाही.

तंबूशेजारी एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर कारगिलचा, साठीकडे झुकलेला, लेहहून माल उतरवून मनालीकडे चाललेला. मगरिबच्या वेळी आम्ही कॅनमधलं पाणी बेताने वापरत वजू करत होतो. माझा भाऊ उठला आणि दोन पावलं तिरका गेला. चाचांनी ते पाहिलं. त्यांनी मातीत बुटाने एक रेघ ओढली आणि म्हणाले, "बेटा, इस पर चलो. एड़ी के आगे पंजा रखते हुए." त्याला चार पावलं टाकता आली नाहीत. दारू न पिता माणूस असा झोकांड्या खातो, याचा अर्थ मेंदूला सूज यायला लागली आहे. याला एकच उपाय, ताबडतोब खाली उतरणं. गोळ्या, ऑक्सिजन हे सगळं उतरेपर्यंतची सोय.

आणि इथेच सरचूचा सापळा आहे. सरचूहून खाली जायचं तर आधी वर जावं लागतं. मनालीच्या बाजूला ४,८९० मीटरचा बारालाचा, लेहच्या बाजूला त्याहून उंच खिंडी. मी नकाशा शंभर वेळा पाहिला होता, पण ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी फक्त पुढे जायचा नकाशा पाहिला होता. परत यायचा पाहिलाच नव्हता.

चाचांची रात्र तिथे काढायची होती. त्यांनी जेवण अर्धवट सोडलं, केबिनमधला छोटा ऑक्सिजन सिलिंडर काढून आमच्या गाडीत ठेवला आणि म्हणाले, "मी पुढे राहतो. माझ्या मागच्या दिव्यावरून नजर हलवू नकोस." मी चालवत होतो. मित्र मागच्या सीटवर भावाला टेकवून बसला होता, दर पाच मिनिटांनी त्याचं नाव, गावाचं नाव विचारत होता. बारालाचाच्या चढावर त्याने पोखर्णी म्हणायच्या ऐवजी भलतंच काहीतरी सांगितलं. तेव्हा माझ्या मनात मामीचा चेहरा होता. मित्र पांडुरंगाचं नाव घेत होता, मी आयतुल कुर्सी म्हणत होतो, आणि पुढे तो लाल दिवा.

बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहतं, त्याला तिकडे नाला म्हणतात. दुपारी उन्हाने बर्फ वितळून नाले फुगतात, रात्री आणि पहाटे उतरतात. तेवढं एक आमच्या बाजूने होतं. साधारण ऐंशी किलोमीटर उतरायला आम्हाला पाच तास लागले. दारचाच्या जवळ भावाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पहाटे केलाँगच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं.

मी चाचांना पैसे द्यायला लागलो. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "तुम्ही मुसाफिर आहात. तुमचा हक्क आहे."

हा शब्द मी पुष्कळ दिवस डोक्यात घोळवला. जकातीचे आठ हकदार आपण मदरशात पाठ करतो, त्यात एक मुसाफिर आहे. लहानपणी मला वाटायचं, प्रवास करणारा गरीब कसा? अर्थ असा आहे की घरी कितीही असलं तरी वाटेत अडकलेला माणूस त्या क्षणी गरजू असतो. म्हणजे कितीही तयारीने निघालेला माणूस अडकू शकतो, हे आधीच धरलेलं आहे. पाणी नसेल तर तयम्मुम आहे, सफरीत नमाज कसर आहे, रोजा पुढे ढकलता येतो. आमच्या दीनने मुसाफिरावर ओझं कमी केलं, आणि मी माझ्या भावावर ते वाढवत होतो. तेही कशासाठी, तर लवकर पोचल्याचं सांगता यावं म्हणून.

दोन दिवसांनी आम्ही केलाँगहून माघारी फिरलो. लेह पाहिलं नाही. गावात पोरांनी विचारलं, मी सांगितलं रस्ता बंद होता. ते खोटं होतं. आज दुरुस्त करतो.

पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, आम्ही तिघेच परत गेलो. मामीने परवानगी दिली, हे तिचं मोठेपण. या वेळी श्रीनगरकडून गेलो. श्रीनगर सोळाशे मीटरच्या आसपास, मग सोनमर्ग, मग झोजिला ओलांडून कारगिल, तिथे पुन्हा उतार. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. कारगिलला चाचांच्या घरी राहिलो. त्यांनीच आम्हाला मुन्शी अझीझ भट यांच्या नावाचं संग्रहालय दाखवलं. शंभर वर्षांपूर्वी कारगिलमध्ये त्यांची सराय होती. यारकंद, काश्मीर, तिबेटकडचे व्यापारी तिथे उतरायचे. घोड्यांची खोगिरं, कापड, भांडी, हिशेबाची कागदपत्रं, सगळं जपून ठेवलं आहे.

लेहला पोचल्यावर तीन दिवस काहीही केलं नाही. नुसतं बसलो, पाणी प्यालो. त्या दिवसांत गुलाम रसूल गलवान यांच्याबद्दल कळलं. गलवान खोऱ्याचं नाव २०२० साली सगळ्या देशाने ऐकलं, पण ते नाव ज्या माणसाचं आहे तो कुणाला ठाऊक नाही. १८७८ च्या सुमाराला लेहच्या गरीब घरात जन्मलेला हा मुलगा. पोरवयातच युरोपीय प्रवाशांच्या काफिल्यांत कामाला लागला, पुढे काफिल्याचा प्रमुख झाला. १९२३ मध्ये त्यांचं आत्मचरित्र इंग्रजीत निघालं, त्याचं नाव 'सर्व्हंट ऑफ साहिब्स'. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेलं, आणि ती भाषा तशीच ठेवलेली. लेह ते यारकंद वाटेवर साडेपाच हजार मीटरची काराकोरम खिंड होती. कित्येक दिवस गवताची काडी नाही. म्हणून घोड्याच्या पाठीवर घोड्याचाच दाणा न्यावा लागायचा. दाणा जास्त घेतला तर माल कमी, माल जास्त घेतला तर घोडा मरणार. तांडीच्या पंपावर मी जो हिशेब केला, तोच हा हिशेब. साहेबांची नावं पुस्तकांत राहिली. साहेबांना जिवंत परत आणणारे बहुतेक जण बिननावाचे राहिले. गलवान यांचं नाव नकाशावर आहे, म्हणून तेवढं आपल्याला माहीत.

त्या वेळी परतताना आम्ही लेहहून मनालीच्या बाजूने आलो. सरचूला थांबलो, चहा प्यालो. ज्या जागी चाचांनी रेघ ओढली होती त्या जागी भाऊ मुद्दाम सरळ चालून दाखवत होता. मी हसलो नाही.

अम्मीच्या प्रश्नाचं उत्तरही देतो. दोन्ही प्रवासांत आम्हाला नाव विचारलं गेलं का? गेलं. एका ठिकाणी नाव ऐकून खोली नाही म्हणाले. मित्राला राग आला, तो म्हणाला मी माझ्या नावावर घेतो. मी म्हणालो, नको, पुढे जाऊ. त्याच रात्री पुढच्या गावात एका सरदारजींनी गॅरेजमध्ये गाडी लावू दिली आणि वर जेवू घातलं. दोन्ही खरं आहे. पहिलं लपवू नका आणि दुसरं विसरू नका.

आता हे सगळं पोखर्णीच्या काय कामाचं? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला, ते तुम्ही भोगलं आहे. ओढ्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालणारे दर पावसाळ्यात दिसतात. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना उचलून नेतं, मग ती कितीही उंच असो. आणि वाहणाऱ्या पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, हे वरून दिसत नाही. उथळ, संथ पाण्यातून जायचंच असेल तर पहिला गिअर, एकसारखी रेस, मध्ये थांबायचं नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत चावी मारायची नाही. आत गेलेलं पाणी पिस्टनला दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. पण पहिला नियम थांबायचा. त्या सप्टेंबरात मी गाडीत पाच माणसं घेऊन एका ओढ्याच्या अलीकडे साडेतीन तास उभा राहिलो. मागचे हॉर्न वाजवत होते. एक जण म्हणाला, "लडाखला जाऊन आला आणि ओढ्याला भितो." मी म्हणालो, "हो, भितो."

पाणी उतरल्यावर त्याच गाडीतला पट्टा, फावडं आणि फळी वापरून आम्ही गाळात अडकलेले दोन ट्रॅक्टर आणि एक दुधाचा टेम्पो बाहेर काढला. स्वतःला पुरेल एवढं सामान ज्याच्याकडे असतं, त्याच्याकडून दुसऱ्याला चार गोष्टी देता येतात. स्वावलंबनाचा मला कळलेला अर्थ एवढाच. चाचांकडे जास्तीचा सिलिंडर होता, म्हणून माझा भाऊ आज समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे.

तुम्ही जा. जरूर जा. पण निघण्याआधी तीन गोष्टी ठरवा. सगळ्यात अशक्त माणसाच्या चालीने गाडी चालेल. डोकं दुखतंय म्हणणाऱ्यावर कुणी हसणार नाही. आणि कुठल्या खुणेवर परत फिरायचं, ते घरून निघतानाच कागदावर लिहा, कारण तिथे पोचल्यावर मन ऐकत नाही. तिकडे गेल्यावर आधीच्या चाकोरीवरूनच गाडी न्या. तळ्याकाठच्या ओल्या कुरणांत घालू नका. त्या थंड, कोरड्या जमिनीवर टायरची खूण वर्षानुवर्षं जात नाही, आणि ते गवत कुणाच्या तरी जनावरांचं असतं.

शुक्रवारी माझं गॅरेज बंद असतं. यापुढे जुम्म्याच्या नमाजनंतर दोन तास शटर उघडं ठेवणार आहे. टायर बदलणं, पंक्चर काढणं, बेल्ट बदलणं, रुतलेली गाडी काढणं, जे येतं ते शिकवीन. फी नाही. मुलींनीही यावं, माझी बहीण त्यांना शिकवील. तिने अब्बांची काळी-पिवळी माझ्याआधी चालवली आहे. येताना हात काळे झाले तरी चालतील असे कपडे घाला.

चला, आता फोटो बघू.